कोरफड लावल्यानंतर

लेक पावणेदोन वर्षांची झाली तरी अंगावरचं दूध सोडेना. भात गालात धरून बसायची आणि संधी मिळताच माझ्या कुर्त्याची बटणं उघडायला लागायची. सासूबाई आपट्याहून दोन दिवसांसाठी रोडपालीला आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी बाल्कनीतल्या कुंडीतलं कोरफडीचं पान कापून माझ्या हातात दिलं.

“गर लाव ह्याचा. दोन दिसांत सुटंल.”

मी लावला. दुपारी झोपायच्या वेळी लेक हक्कानं मांडीवर आली, तोंड लावलं आणि झटकन मागे झाली. रडली नाही. जिभेवरचं कडू बोटानं पुसलं आणि ते बोट मला दाखवलं.

दूध सुटलं खरं, पण त्या संध्याकाळपासून ती माझ्या हातचं सगळं हुंगायला लागली. पाणी, केळं, वरणभात. आधी वास, मग जिभेचं टोक, मग माझ्या चेहऱ्याकडे नजर. आजीनं दिलेलं बिस्कीट मात्र गट्टम. नवऱ्याला गंमत वाटली. मला नाही वाटली.

मग माझंही डोकं फिरलं. लेक आता दुपारी आजीच्याच कुशीत झोपायची. जेवताना दोघींची कुजबुज चालायची, मी जवळ गेले की थांबायची. आठवडा झाला तरी सासूबाई जायचं नाव काढत नव्हत्या. असं होणार हे त्यांना आधीच ठाऊक असणार, म्हणूनच त्यांनी ते पान कापलं, अशी माझी खात्रीच होत चालली.

रविवारी त्या तांदूळ निवडत असताना मी विचारलंच.

“आई, तुमच्या मुलाच्या वेळीही कोरफड लावली होती?”

“लावलेली.”

“मग तोही असाच वागायचा?”

त्यांचा हात थांबला. “महिनाभर माझ्या हातचं पानी पीत नव्हता. त्याची काकी भरवायची. मला वाटायचं, तिनंच शिकवलंय. तिच्याशी बोलनं टाकलं मी.”

“आणि तरी मला लावायला सांगितलंत?”

“वाटलं, माझंच पोर तसलं. सगळी तशी नसतील.” मग हळूच म्हणाल्या, “मी पोरीला रोज कानात सांगते, हे जेवन तुझ्या आयनंच केलंय, तिच्या हातचं खा. आयकत नाय.”

माझा पूर्ण विश्वास बसला नाही. पण त्या दिवशी मी लेकीला समोर बसवून सांगितलं, “कडू मीच लावलं होतं. आता दूध नाही मिळणार, पण कडूही नाही लावणार.” तिला किती कळलं कोण जाणे. मी भरवायला घास पुढे केला, तर तिनं माझा हात वळवून माझ्याच तोंडाकडे नेला. मी खाल्ला. मग पुढचा तिनं घेतला.

मंगळवारी सासूबाई गेल्या. पुढे तीन आठवडे प्रत्येक घास आधी मला चाखावा लागला. एका सकाळी घाईघाईत मी उपम्याचा चमचा तिच्यापुढे धरला, स्वतः खायचं विसरूनच गेले. तिनं तो तोंडात घेतला. चावताना मात्र माझ्यावरची नजर काढली नाही.