मुलगा तसा चांगला आहे

मागच्या आठवड्यात जुन्या मित्राचं पत्र आलं. मुलीसाठी एक स्थळ बघतोय, मुलगा तुझ्याच गावात नोकरीला आहे, जरा चौकशी कर. शेवटी लिहिलंय, ‘तू म्हणशील ते. तुझ्या शब्दाबाहेर मी नाही.’ एवढं वाचून मी पत्राची घडी केली आणि चष्म्याच्या घरात ठेवून दिली. उत्तर अजून गेलेलं नाही. त्याआधी श्रीरामपूरच्या एका मिसळीच्या हॉटेलातली सकाळ लिहायला हवी. इतक्या वर्षांत ती मी कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.

मोठ्या दुष्काळाच्या आधीचं साल. आम्ही दोघं एका कापसाच्या जिनमध्ये हंगामी कारकून होतो, एकाच खोलीत राहायचो आणि सकाळी स्टेशनजवळच्या त्या हॉटेलात मिसळ खायचो. मी पुणतांब्याचा, तो घोडेगावचा. हॉटेलमालकाला नावांशी देणंघेणं नव्हतं. मी पुणतांब्या, तो घोड्या. पहिल्याच दिवशी मालक मला म्हणाला, “बाजारातनं आणलास व्हय रं ह्याला? दात बघितलेस का?” यानंही तोंड उघडून दाखवलं. “बघा की मालक, दोन दातीच हाय अजून, तरना!” सगळं हॉटेल हसलं.

मिसळ अशी तिखट की पहिल्या घासाला कान तापायचे. मालक रश्श्याच्या पातेल्यापाशी स्वतः उभा असायचा. परक्या गिऱ्हाइकाला “रस्सा वाढा” म्हणून सांगावं लागे. आपल्या माणसाच्या बशीत तो न विचारता पळी उलटी करायचा, वरची लाल तर्री अलगद काढून. आम्ही त्याची आपली माणसं होतो.

त्या दिवसांत घोड्याला राहुरीकडची एक मुलगी सांगून आली होती. त्यानं तिला नात्यातल्या एका लग्नात पाहिलं होतं. पंगतीत याला ठसका लागला तेव्हा तिनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि तोंडाला पदर लावून हसली. ही हकीकत मी दहा वेळा तरी ऐकली असेल. “ही झाली म्हंजे झालं,” म्हणायचा. मनातलं सगळं मला सांगायचा. निदान मला तसं वाटायचं.

आणि कारखान्यात ऊसविभागात कारकुनाची जागा निघाली. कायमची. मी अर्ज आणायला निघालो तर हाच म्हणाला, “कशाला कागद खराब करतो? आतून समजलंय मला, माणूस आधीच ठरलाय.” मी अर्ज केला नाही.

एका सोमवारी तो गावाला गेला होता. मी एकटाच मिसळ खायला बसलो. मालकानं पातेल्याजवळूनच हाक मारली.

“पुणतांब्या, पेढे कुठं हायेत?”

“कसले?”

“आता बघा! घोड्याची ऑर्डर निघाली की कारखान्यात. तिथला शिपाई सांगून गेला. तुला न्हाई बोलला?”

घास तोंडातच राहिला. ठरलेला माणूस कोण, ते मला मिसळीच्या बशीवर कळलं. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटानं, असं मालकाला वाटलं असावं. त्यानं पाण्याचा पेला पुढे केला.

तेवढ्यात दोघं आत आले. एक म्हातारे, डोक्याला फेटा. दुसरे चाळिशीचे, धोतर-टोपीतले. मिसळ मागवली आणि टोपीवाल्यांनी मालकाला हळूच विचारलं, जिनमध्ये घोडेगावचा एक मुलगा हाय, कसा काय हाय? आम्ही मुलीकडचे. मी मामा, हे वडील.

मालक खूश झाला. “पाव्हणं दात बघायला आले म्हना की! मग ह्यालाच इचारा. एका खोलीत ऱ्हात्यात दोघं. माझ्यापरीस ह्याला जास्त ठावं.”

मामा माझ्याकडे वळले. “तुमीच सांगा मग.”

मी म्हणालो, “मुलगा तसा चांगला आहे.”

एवढंच. एका अक्षरानं खोटं बोललो नाही. पण आपल्याकडे सोयरिकीच्या बोलण्यात ‘तसा’ आला की पुढचा ‘पण’ ऐकणारा आपल्या मनानं भरतो: दारू, पत्ते, कुठली तरी बाई. मामांच्या हातातला पाव थांबला.

“तसा म्हंजे?”

सावरायची वेळ अजून गेली नव्हती. “म्हणजे चांगलाच की,” मी बशीत बघत म्हणालो. “तुम्ही बघा बाकी.”

फेट्यावाल्यांनी चमचा खाली ठेवला. “समजलं,” म्हणाले. दोघं अर्धी मिसळ टाकून उठले. मालकाची पळी पातेल्यावर तशीच धरलेली होती. तिच्यातून थेंब गळत होते.

घोड्या पेढे घेऊन आला. “तुला सांगनारच हुतो,” म्हणाला. मी पेढा खाल्ला. आठवड्याभरानं मुलीकडून नकार आला. खोलीत भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, “कुनीतरी बोललं रं. आपल्यातलंच.”

मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, “लोक हॉटेलात चौकशी करतात. मालकाचं तोंड तुला माहितीये.”

त्यानंतर त्यानं त्या हॉटेलाची पायरी चढली नाही. एकदा आम्ही रस्त्यानं जात असताना मालकानं दारातून हाक मारली, “ए घोड्या, रुसलास व्हय?” यानं मान फिरवली. मालक आधी त्याच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. त्याला सगळं उमगलं, हे मला तिथंच दिसलं. एका वाक्यात तो मला उघडा पाडू शकला असता.

दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्यापुढे बशी ठेवली, पळी घेऊन उभा राहिला आणि विचारलं, “तुमाला रस्सा वाढू का?”

तुमाला. पुढची दोन वर्षं मी तिथं खाल्लं. पुणतांब्या म्हणून हाक कधी आली नाही. मालक आता नाहीत. घोड्याचं लग्न दुसरीकडे झालं, पंगतीत मीच वाढायला होतो. पाण्याच्या तांब्याची गोष्ट त्यानं पुन्हा कधी काढली नाही.

माझ्यावरच सगळं घेऊन मोकळं व्हावं, असं पुष्कळदा वाटलं. जमत नाही. तो अर्ज आजही खुपतो. मी त्याचं जे केलं ते मोठं, हे कळतं, तरी खुपतो.

चौकशी मी केली आहे. चार ठिकाणी विचारलं. मुलगा चांगला आहे. हे वाक्य लिहून मी दोनदा तपासलं, मध्ये दुसरा शब्द आला नाही ना. उत्तराच्याच पाकिटात ही पानंही घालतोय. घोड्या, आधी ही वाच, मग माझा शब्द घ्यायचा की नाही ते तू ठरव. आणि जमलं तर त्या अर्जाबद्दल तूही दोन ओळी लिही.