पांढऱ्या औषधाची बाटली आणि शेंगांची चटणी

सोलापुरात गिरणीच्या कचेरीत असताना मला आम्लपित्ताने धरले. जेवण झाले की घशाशी जाळ यायचा. डॉक्टरांच्या दवाखान्यातून खडूच्या पाण्यासारखे पांढरे औषध मिळे. बाटलीवर डोसांसाठी कातरलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असे. औषध हलवून प्यायलो की तासभर बरे वाटे. खायला मऊ भात आणि दूध, एवढेच.

कचेरीत माझ्या शेजारी बसणारा मित्र मैंदर्गी गावचा. तो दर रविवारी आमच्याकडे जेवायला येई. माझी बायको त्या दिवशी सकाळपासून उखळात शेंगदाणे, लसूण नि तिखट कुटत बसे. कडक भाकरी मोडून तो ती चटणी अशी खाई, की बघवत नसे.

"वहिनी, लई झकास झालीय की! आनकी वाढा."

"भावजी, पोटाला सोसेल ना?"

"माझं पोट हाय ते, दादाचं न्हाय!"

ती पदर तोंडाला लावून हसे. माझ्या दूधभाताला पाहून ती कधी अशी हसली नव्हती. माझ्या छातीत जळे, ते सगळेच पित्ताचे नव्हते.

एका रविवारी तो निघून गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "डॉक्टर म्हणाले, घरात तिखट कुटायचंच नाही. नुसत्या वासानं माझं पित्त खवळतं."

डॉक्टर असे काही बोलले नव्हते. मित्रालाही मी तेच सांगितले. तो "बरं" म्हणाला आणि यायचा थांबला.

मला वाटले होते, ती स्वतःपुरती तरी शेजारणीकडे कुटून आणील. तिने उखळ पालथे घातले आणि माझ्याबरोबर दूधभात जेवू लागली. चार महिने. तिच्या गालांची हाडे दिसू लागली. मी पाहत होतो आणि गप्प होतो. खरे सांगायचे तर सुरुवातीला मला समाधानच वाटले.

पुढे बाटली भरून आणायला गेलो तेव्हा ती बरोबर आली. तिने डॉक्टरांनाच विचारले, "तिखटाचा वास आता थोडा चालेल का यांना?"

डॉक्टर हसले. "वासानं काय होतंय? यांनी खाऊ नये म्हणजे झालं. तुम्ही खुशाल खा."

तिने माझ्याकडे पाहिले नाही. वाटेत मंडईतून तिने लसूण घेतला. घराच्या दाराशी एवढेच म्हणाली, "रविवारी भावजींना बोलवा."

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी मित्राला सांगून टाकले, की मी खोटे बोललो होतो.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "माझं येनं खुपत हुतं. त्याबिगर का मी चटणी सोडली असती व्हय?"

रविवारी तो आला. पहिला घास घेऊन त्याने डोळे मिटले, आणि चार महिन्यांनी ती हसली. मी हळूच म्हणालो, "मलाही बोटभर वाढ."

"तुम्हांला नको," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय."

तिने बाटली हलवून माझ्या पुढ्यात ठेवली आणि त्याला दुसरी भाकरी वाढली. मी औषध प्यायलो. लाज वाटत होती, पण माझी नजर त्याच्याच ताटावर होती.