पाळणाघराची वेळ

कापसाच्या त्या वाईट वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पाहणी करणाऱ्यांची रीघ लागली होती. आज दिल्लीची गाडी, उद्या मुंबईची, परवा कुठल्या तरी विद्यापीठाची. गावात जीप शिरली की ओट्यावर बसलेली माणसं उठून घरात जायची. मीही त्या पाहणीवाल्यांतलीच. फक्त मी याच जिल्ह्यातली होते आणि एसटीने यायचे. एका लहान संस्थेत कंत्राटावर काम करत होते. सरकारची योजना गावात पोचली का आणि पोचली तर कुणाच्या उपयोगी पडली का, हे बघून अहवाल लिहायचा. तो वाचून वरचे लोक ठरवणार, योजना चालू ठेवायची, बदलायची की गुंडाळायची.

घरी वडील आणि मी, दोघंच. वडील कचेरीतून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून त्यांचं बोलणं जेवणाच्या वेळेपुरतं उरलं होतं. भाऊ पुण्याला. माझं लग्न राहून गेलं होतं आणि आता तो विषय घरात कुणी काढत नसे. त्यामुळे फिरतीचं काम मला सोयीचं होतं. दोन दिवस जास्त बाहेर राहिले तरी कुणी वाट बघत नसे.

एका वर्षी माझ्याकडे पाळणाघरांची पाहणी आली. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया शेतात जातात, तेव्हा तान्ही मुलं एक तर बांधावरच्या झोळीत पडून असतात, नाहीतर थोरल्या बहिणीच्या कडेवर. त्या बहिणीची शाळा मग सुटते ती सुटतेच. म्हणून काही गावांत हंगामापुरती पाळणाघरं उघडली होती. एक सेविका, एक खोली, सतरंज्या, झोळ्या आणि दुपारची खिचडी. पण मुलंच येत नव्हती.

"बायांना गरजच दिसत नाही," योजना बघणारे साहेब म्हणाले. "तुम्ही एकदा जाऊन या मॅडम, आणि तसं लिहून द्या. म्हणजे बंद करायला बरं."

एरवी आम्ही सकाळी जायचो, चार घरं विचारायचो आणि दुपारच्या गाडीने परत. या वेळी मी ठरवलं, एका ठिकाणी राहूनच बघायचं. आर्णी तालुक्यातला एक तांडा निवडला. बंजारा समाजाची वस्ती, सगळे शेती करणारे. मी राहिले ती पाळणाघराच्या सेविकेच्याच घरी.

ती चाळिशी ओलांडलेली, उंच, कमी बोलणारी बाई. मी तिला मावशी म्हणू लागले. पहिल्याच संध्याकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या तिने स्वतःबद्दल सांगून टाकलं. "मले लेकरू नाही झालं. मंग त्यानं दुसरी केली. तिकडं उमरखेडाकडं राह्यते तो." आणि भाकर उलटली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिने समाजमंदिराची खोली उघडली. झाडली, सतरंजी अंथरली, खिचडी टाकली. दोन मोठी पोरं आली, खिचडी खाऊन पळाली. मग आम्ही दोघीच. तिने खोली पुन्हा झाडली. दारातून सगळा तांडा दिसत होता. एक म्हातारा खाटेवर आणि दोन कुत्री, बस.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लवकर उठून दारात उभी राहिले. थंडी होती. सूर्य वर यायच्या आत बाया निघाल्या होत्या. डोक्यावर भाकरीचं गाठोडं, कडेवर पोर. बघता बघता रांग नाल्यापलीकडे दिसेनाशी झाली.

"मावशी, बाया तर कधीच्या गेल्या," मी म्हणाले. "तुम्ही लवकर का नाही उघडत?"

"मले दहा ते पाच सांगतलं हाये. उद्या साहेब आला अन् म्हणे काहून उघडलं, तर?" ती थांबली. "अन् उघडलं तरी माह्यापाशी कोण आणते लेकरू?"

या दुसऱ्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. तो त्याच संध्याकाळी हापशीवर लागला. एक तरुण आई पाणी भरत होती. तिचं बाळ मी जरा घेतलं. गोड होतं, माझ्या चष्म्याला हात घालून हसत होतं. तिने सहज विचारलं, "तुमाले किती लेकरं, ताई?"

"माझं लग्नच नाही झालं."

तिने हातातली घागर खाली ठेवली आणि बाळ माझ्याकडून घेतलं. हिसकावलं नाही, अगदी हळू घेतलं. "राग नका मानू," म्हणाली. पदराने त्याचं तोंड पुसलं आणि घागर तिथेच सोडून घराकडे गेली. माझे हात थोडा वेळ तसेच अर्धवट वर राहिले होते.

मावशीने दारातून सगळं पाहिलं होतं. रात्री ताटं मांडताना म्हणाली, "तुह्यापासूनही घेतलं ना?" आणि किंचित हसली. "मले सवय झाली." आम्ही जेवलो. त्या जेवणात दोघींपैकी कुणीही बोललं नाही, पण यवतमाळच्या घरात वडिलांसमोर गप्प बसून जेवणं निराळं आणि हे निराळं.

सकाळी मी तिला म्हणाले, "आपण उजाडताच उघडून बघू. पाहणीसाठी प्रयोग केला असं मी लिहीन. जबाबदारी माझी." तिने चुलीतली लाकडं मागे ओढली. मग किल्ली घेतली.

पहिल्या सकाळी बाया दारासमोरून गेल्या. उघडी खोली पाहून एकमेकींशी काही बोलल्या आणि पुढे निघाल्या. दुसऱ्या सकाळीही तसंच. मावशी पेटलेल्या चुलीजवळ बसून होती, मान वर न करता. मला वाटलं, उगाच तिला यात ओढलं.

मग एका सकाळी ती हापशीवरची आई आली. बाळाचं अंग तापलं होतं. दवात त्याला शेतात नेणं शक्य नव्हतं, आणि घरी ठेवायला कुणी नव्हतं. ती उंबऱ्यात उभी राहिली, गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, काहीतरी म्हणाली, बाळ मावशीच्या हातात दिलं आणि मागे न बघता जवळजवळ पळतच गेली.

मावशीने दिवसभर त्याला खाली ठेवलं नाही. संध्याकाळी आई धापा टाकत परत आली, तेव्हा ते मांडीवर बसून पातळ खिचडी खात होतं. दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून आली, सोबत जावेला घेऊन. मग आणखी एक, मग तिघी. मी निघायच्या सुमारास खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. एरवी भावाला कडेवर घेऊन हिंडणारी एक मुलगी दप्तर घेऊन शाळेत जाताना दिसली. मावशी आता आयांवर ओरडू लागली होती, लेकराला टोपी काहून नाही घातली म्हणून. एकदा एक रांगतं पोर तिला 'याडी' म्हणालं. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. मावशीने आधी दाराकडे पाहिलं, त्याची आई तर तिथे नाही ना. मग त्याला उचलून घेतलं.

संध्याकाळी बाया मुलं न्यायला यायच्या, दारातच बसून गोरबोलीत तिच्याशी बोलायच्या, हसायच्या. मला ती भाषा येत नव्हती. कोपऱ्यात बसून मी टिपणं काढत राहायचे. मी आले तेव्हा आम्ही दोघी एकट्या होतो. आता मी एकटी होते. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि होतही होता. तरी शेवटच्या दिवशी निघताना कुणी थांब म्हणालं नाही, हे लक्षात राहिलं.

अहवालात मी दोन्ही कारणं लिहिली. वेळ चुकीची होती हे एक, आणि मूल नसलेल्या बाईजवळ मूल ठेवायला आया कचरत होत्या हे दुसरं. यवतमाळला बैठक झाली. साहेबांनी पानं चाळली.

"हे दुसरं कारण बरं शोधलंत. मग सोपं आहे. सेविका नेमताना अट घालू, बाई लेकुरवाळी पाहिजे."

टेबलाभोवतीच्या माना हलल्या. 

"साहेब, पुढचं पान वाचा," मी म्हणाले. "वेळ बदलल्यावर त्याच बाईकडे मुलं आली. भीती होती, पण सोय झाल्यावर आया थांबल्या नाहीत. अट घातली, तर ती भीती आपणच कागदावर पक्की करू."

"तुम्ही तिच्या घरी राहिलात ना? त्यामुळे तुम्हाला तसं वाटणार."

"राहिले म्हणूनच दिसलं. दुपारच्या गाडीने परतले असते, तर गरज नाही असंच लिहिलं असतं."

 कुणीतरी खुर्ची सरकवली. शेवटी ठरलं की पुढच्या हंगामापासून पाळणाघरं उजाडता उघडायची, आणि अट घालायची नाही. मी बाहेर आले तेव्हा मला कुणाला तरी हे सांगायचं होतं. टपरीवर एकटीनेच चहा प्यायले. घरी वडिलांना सांगितलं. "बरं झालं," ते म्हणाले आणि पेपर पुन्हा उघडला.

उन्हाळ्यात गावांची निवड झाली. हंगामभराची सरासरी हजेरी पाहून गावं ठेवली होती. तांड्यात मुलं आली ती अगदी शेवटी, त्यामुळे त्याची सरासरी कमी भरली. तांडा वगळला गेला. मी पत्र दिलं, दोनदा जाऊन भेटले. "नियमात बसत नाही. पुढे बघू," एवढंच उत्तर मिळालं.

हे मावशीला दुसरं कुणी सांगणार नव्हतं, म्हणून मी गेले. भर दुपार होती. निंबाच्या सावलीत ती गोधडी शिवत होती. मी सांगितलं.

"म्हणजे दुसऱ्या गावाले आता पहाटीच उघडन, अन् आमचं बंद?"

"हो."

"आमचं पाहून?"

"हो."

तिने दोन टाके घातले. "मंग त्याईचं तरी चांगलं झालं." थोड्या वेळाने म्हणाली, "खोलीची किल्ली कोणाले देऊ?" ते मला माहीत नव्हतं. ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. गाडी दिसली तेव्हा म्हणाली, "तू सांगाले तरी आली. बाकीचे इचारतात अन् जातात." मी गाडीत चढले आणि मागच्या काचेतून बघायचं टाळलं.

पुढच्या हिवाळ्यात आर्णीच्या बाजारात ती तरुण आई भेटली. मावशीची चौकशी केली. "त्या येतात आमच्यासंगं येचाले," ती म्हणाली. "पण त्याईचा कापूस कमीच भरते. बांधावर सगळ्याईचे लेकरं पाह्यत बसतात ना."

त्याच हंगामात विहिरींच्या पाहणीसाठी मी बोरी अरबजवळच्या एका गावात पहिल्या गाडीने उतरले. उजाडत होतं. शाळेजवळच्या खोलीत दिवा लागलेला दिसला, आतून रडण्याचे आणि ताटल्यांचे आवाज. पाळणाघर होतं. एक आई बाळ देऊन पदर खोचत लगबगीने निघून गेली. सेविका अगदी तरुण पोरगी होती, गळ्यात मंगळसूत्र नव्हतं.

"कोण पाह्यजे ताई?" तिने विचारलं.

"कोणी नाही. सहज."

"बसा मंग. पण थोडं त्या बाजूनं बसा. नवीन माणूस दिसलं की लेकरं रडतात."

मी भिंतीकडे सरकून बसले. ती एकाला भरवत होती, दुसऱ्याची झोळी पायाने हलवत होती. बाहेर ऊन पडलं. मग सरपंच विहिरीवर वाट बघत असतील म्हणून मी उठले. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते, तिने नुसती मान हलवली.