वेलीखालचा उन्हाळा

नाशिकला आमचं घर बांधलं तेव्हा वडिलांनी गच्चीवर पत्रा घालू दिला नाही. “छप्पर वेल घालेल,” म्हणाले. गवंडी हसला, आईही हसली. तळमजल्यावर एक विणकर चाचा भाड्याने राहायचे. त्यांच्या अंगणात द्राक्षाचा वेल लावला, आमच्या मोरीचं पाणी पन्हळीने त्याच्या मुळाशी सोडलं, आणि तीन-चार वर्षांत वेल भिंत चढून गच्चीवरच्या मांडवावर पसरला. मूळ त्यांचं, मांडव आमचा, द्राक्षं निम्मी-निम्मी. आमच्या आंघोळीच्या पाण्यानेच ती गोड होतात, असं मी चाचांच्या मुलांना ऐकवायचो. तरी ती खायची थांबत नसत.

त्या मांडवाखालचा उजेड अजून डोळ्यांत आहे. पातळ, हिरवा, हलता. दुपारी चटईवर पडलं की आपलेच हातपाय हिरवे दिसत. खालून हातमागाचा खटखट आवाज यायचा, वर पानं हलायची, आणि घर कुठे संपलं नि झाड कुठे सुरू झालं ते कळायच्या आत झोप लागायची.

मग ताई सासरहून परत आली. बारीक ताप, खोकला. आजाराचं नाव घरात कुणी घेत नसे. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत ठेवा. तिची खाट मांडवाखाली आली. मला जवळ जायची बंदी, म्हणून मी जिन्यात बसून तिच्याशी बोलायचो. ती जाणार असं मला सारखं वाटायचं, आणि फार भीती वाटायची.

चैत्रात द्राक्षाची छाटणी करतात. पानं उतरवून वेल बोडका करायचा, नाहीतर पुढच्या माघात घड धरत नाहीत. वडील कात्री घेऊन वर आले. ताई एवढंच म्हणाली, “बाबा, मग मी कुठे निजू?”

वडील तसेच खाली गेले. निम्मी द्राक्षं चाचांची होती, विचारायला हवं होतं. चाचा काही बोलण्याआधी दाराआडून चाचीच म्हणाली, “राहू द्या भाईसाब. अंगूर काय, पुढच्या साली येतील. पोरीची सावली नका कापू.”

कात्री खुंटीला गेली. सगळा उन्हाळा ताई त्या हिरव्या उजेडात पडून होती. पावसाळ्यात तिची खाट आत आली, श्रावणात ताप उतरला, आणि दिवाळीनंतर ती सासरी गेली.

माघात माहेरपणाला आली ती अंगाने भरलेली. आल्या पावली गच्चीवर गेली. मांडव नुसता पानांचा.

“यंदा द्राक्षं नाहीत?”

“तुझ्या वाटणीची तू उन्हाळ्यातच खाल्लीस,” आई म्हणाली, आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात चाची जिना चढून आली. खाली मुळाजवळच्या फांदीला एकच घड लागला होता. पोपट खाऊ नयेत म्हणून फडकं बांधून आणि स्वतःच्या मुलांना धाक घालून तिने तो राखला होता. तिने तो ताईच्या ओंजळीत ठेवला.

दात आंबतील इतका आंबट होता म्हणे. ताईने तिथेच उभ्याने शेवटच्या मण्यापर्यंत खाल्ला. आम्हाला एकही दिला नाही.