पाणी की हवा?

धुळ्यात आमच्या गल्लीत आठ-आठ दिवस नळ येत नाहीत. एकदा नळाची वाट बघत मी शेजारच्या आबांबरोबर ओट्यावर बसलो होतो. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो, म्हणून त्यांनी विचारलं, ते जुने ग्रीक लोक नेमकं काय म्हणायचे? मी सांगितलं, त्यांचा अगदी पहिला विचारवंत म्हणायचा, जगातलं सगळं पाण्यापासून झालं आहे.

आबा खूश झाले. "खरं शे सर, बठ्ठं पानीच शे!" म्हणाले आणि लगबगीने आत जाऊन त्यांनी नळाला मोटर लावली. नळ आले होते.

मीही धावत जाऊन तोटी उघडली. पलीकडे आबांची मोटर घरघरत होती आणि माझ्या तोटीतून नुसती फुसफुस हवा येत होती. रिकाम्या ड्रमजवळ चरफडत उभा असताना माझं एक जुनं कोडं सुटलं. त्या पहिल्या विचारवंताच्याच गावात पुढे एक जण म्हणाला, पाणी नव्हे, सगळं हवेपासून झालं आहे. पाणी सोडून त्याला हवाच का सुचली, हे मला वर्गात कधी धड समजावता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पोरांना छातीठोकपणे सांगितलं, त्याच्या शेजाऱ्याकडे मोटर होती.