पर्समध्ये मावेल असं पिस्तूल

मंडळी, आज दुपारी शेजारची अनघा विचारत होती, "काकू, इथे पेपर स्प्रे कुठे मिळतो?" ती नुकतीच पुण्याहून इंग्लंडला आलीय.

"इथे बंदी आहे गं," मी म्हणाले, आणि मन सत्तरच्या दशकातल्या कॉव्हेंट्री शहरात गेलं.

तेव्हा संध्याकाळी बसस्टॉपवरून घरी येताना दोन माणसं माझ्या मागे मागे यायची, शिव्या द्यायची. एके दिवशी मी सरळ बंदुकांच्या दुकानात शिरले. म्हाताऱ्या दुकानदाराने हिरव्या कापडावर एक छोटंसं, निळसर पिस्तूल ठेवलं. माझ्या पर्समध्ये सहज मावलं असतं. मी स्वप्नात असल्यासारखी बघत राहिले.

"कशासाठी हवंय?"

"स्वतःच्या रक्षणासाठी. संध्याकाळी बसस्टॉपपासून दोन माणसं माझ्या मागे लागतात."

"त्या कारणासाठी इथे परवाना देत नाहीत, मॅडम," ते हळूच म्हणाले.

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात त्यांची बायको कोट चढवत आतून आली. "चला, मी येते सोबत."

तो सबंध हिवाळा ती माझ्याबरोबर चालली. धुक्यात दिवे तरंगत असायचे. ती माणसं पुन्हा जवळ आली नाहीत.

"मग भीती गेली?" अनघाने विचारलं.

"नाही गं. दोघींत वाटली गेली."

तुमच्याबरोबर असं कोण चाललं होतं?