अप्पांना न सांगितलेली पिशवी

सर्जन माझ्याशी इंग्रजीत बोलत होते, त्यामुळे मला सगळं नीट कळलं. त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढलं. गाठ असलेला भाग कापायचा, दोन टोकं जोडायची. जोड भरून येईपर्यंत पोटाला छिद्र पाडून संडास तिथून पिशवीत घ्यायची, काही महिने. "वडिलांना समजावून सांगा," म्हणाले. मी मान हलवली.

अप्पा बाहेर बाकावर बसले होते. "काय म्हणले?"

"गाठ काढणार. मग जोडणार."

"बस्स?"

"हो."

आत 'स्टूल' हा शब्द मी सहज बोलून आले होते. मराठीतला शब्द अप्पांसमोर तोंडातून निघेना. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, तरी असलं काही आम्ही बोलत नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ पूर्ण निघाली, आजार पसरलेला नव्हता. पण शुद्धीवर आल्यावर अप्पांचा हात पोटावर गेला आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

बीडला घरी आल्यावर त्यांनी पूजा सोडली. आम्ही लिंगायत; गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय ते कधी जेवले नव्हते. "पोटावर घाण अन् हातावर लिंग? न्हाई जमायचं." मग जेवणही सुटलं. चहा आणि पेज, तेवढंच. असंच वजन उतरलं तर पिशवी काढायचं ऑपरेशन लांबेल, असं सर्जन फोनवर म्हणाले. हे मात्र मी अप्पांना लगेच सांगितलं. ते ऐकून घेत, पण खात नसत.

एका सकाळी मी पिशवी बदलत होते. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं होतं.

"अप्पा, पिशवीचं डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं."

"मग कावून बोलली न्हाईस?"

"लाज वाटली."

त्यांनी तोंड माझ्याकडं वळवलं. "कळलं असतं तर मी टेबलावर चढलोच नसतो. पण इचारायचं तरी होतंस."

मी नव्या पिशवीची कड दाबून चिकटवली.

"तुझं लिंग कुठंय?"

हॉस्टेलला जाताना काढलं होतं, ते कपाटात होतं.

"आंघोळ करून घाल. माझ्यासमोर पूजा कर. मग बघू भाताचं."

आंघोळ करून मी पूजेला बसले. "आधी विभूती, इंग्लिश मॅडम," ते म्हणाले. नंतर त्यांनी अर्धी वाटी दहीभात खाल्ला.

संध्याकाळी वडवणीहून काका आले. "दादा, डॉक्टरनं पिशवीचं आधी सांगितलं न्हाई व्हय?"

"न्हाई," अप्पा म्हणाले. "लई घाईत असतेत ते लोक."

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिले.